सहा बचतपत्रे आणि हिमांशूची घाई

मी, श्रीमती धुरपताबाई उमराव कापगते, वय ६७, निवृत्त गणित शिक्षिका, राहणार सडक अर्जुनी, जिल्हा गोंदिया, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. एकाने आणून पाहिला, तो कलम तीनमध्ये येतो.

१. राहते घर व दोन एकर धानाची शेती मुलगा हिमांशू याला. त्याच्या वडिलांची सायकलही त्यालाच. तिचा भाव आणखी पडण्याची भीती नाही.

२. पोस्टातली राष्ट्रीय बचतपत्रे सहा, प्रत्येकी पन्नास हजारांची, सून सौ. नीतू हिला. दरवर्षी एक घेतले, म्हणजे दरवर्षी एकाची मुदत संपेल. त्यांवर नॉमिनी म्हणून हिमांशूचे नाव आहे, ही माझी जुनी चूक. नॉमिनीने पैसे आणून मालकाच्या हातात द्यायचे असतात. मालक नीतू.

३. याचे कारण लिहून ठेवते. गेल्या वर्षी शेअर बाजार कोसळला, त्यात हिमांशूची सगळी शिल्लक गेली आणि नीतूच्या माहेरचा सोन्याचा गोफ विकला गेला. तिला हे विकल्यावर कळले. यंदा संक्रांतीला तो मला म्हणाला, "आई, भाव मातीमोल झाले. पत्रं मोडून दे. आता नाही घेतलं त कवा घेऊ?"

"मुदतीआधी मोडत नाहीत, म्हणूनच घेतली," मी म्हटले.

आमच्या गावात तलावाचे पाणी पाणकर पाळीपाळीने सोडतो. बारावीत असताना, पाणकर जेवायला गेलेला पाहून, हिमांशूने तलावाचे दार पूर्ण उघडले व आपली बांधी, म्हणजे धानाचे खाचर, भरून घेतली. धान पोटरीत आले, पाण्याची खरी गरज पडली, तेव्हा तलावात चिखल होता, आणि पंचांपुढे मान खाली घालून त्याचे आजोबा उभे होते. मुलगा तोच आहे, फक्त तलाव बदलला.

४. बँकेतली दोन लाखांची मुदत ठेव दोघांना मिळून. त्यातले वीस हजार हिमांशूने खुशाल बाजारात घालावेत. बुडाले तर माझ्या फोटोपुढे तोंड पाडून बसू नये.

५. माझी तीन तोळ्यांची एकदाणी नीतूला. ती गळ्यात घालण्यासाठी आहे, तारण ठेवण्यासाठी नाही.

६. हे सर्व मी दोघांना वाचून दाखवले.

"हे मेल्यावर वाचतेत," हिमांशू म्हणाला. "तू आत्ताच काऊन वाचून राहिली?"

"तेव्हा मला तुझे तोंड बघता येणार नाही."

नीतू हसली नाही. तिने त्यालाच विचारले, "पत्रं माझ्या नावानं गेली त तुम्हाले राग येईन का?"

त्याने माझ्या हातातला कागद घेऊन कलम दोन पुन्हा वाचले. मग म्हणाला, "येईन. पण बोलनार नाही." खरे बोलला, म्हणून पुढचे कलम.

७. आजपासून तीन वर्षे हिमांशूने नीतूला विचारल्याशिवाय बाजारात एक रुपयाही घातला नाही, आणि तसे नीतूने मला सांगितले, तर कलम दोन बदलून पत्रे मी दोघांच्या नावे लिहीन. तोवर जगण्याचा माझा विचार आहे.

साक्षीदार:
१. केवलराम डोंगरवार, निवृत्त पोस्टमास्तर (सही)
२. खुशाल लंजे, शेजारी (सही)

धुरपताबाई उमराव कापगते (सही)
सडक अर्जुनी, १२ फेब्रुवारी २००९