देठाखालची सही

प्रिय दादा,

तुझी चाळीस चित्रं आधी मोबाइलवरून आली, चिंचोक्याएवढी. वर 'जरा मोठी करून घे' अशी आज्ञा. मी वीस वर्षं छापखान्यात चित्रांच्या फायली तयार करते. इवलीशी फाईल ताणली की पाकळ्यांच्या कडा फाटतात, बघवत नाही. मूळ स्कॅन मागायला मला तुला चार फोन करावे लागले. तू का टाळत होतास, ते स्कॅन उघडल्यावर कळलं.

छपाईआधी मी प्रत्येक चित्र पडद्यावर चौपट मोठं करून धुळीचे ठिपके काढते. तिसऱ्या चित्रात, देठाखाली, कागदाचा खरखरीतपणाच गायब होता. तेवढा तुकडा गुळगुळीत आणि त्यावर तुझी सही. बाजूला आईच्या सहीची वळलेली शेपटी मात्र पुसायची राहून गेलेली. मग चाळीसच्या चाळीस तपासली. सगळीकडे तेच. किळस आली दादा, दुसरा शब्द नाही. आपण शाळेत गेलो की ओट्याशी उभं राहून, भिंग धरून तिने काढलेली पानंफुलं ही. 'तुझं पुस्तक काढतो' म्हणून तू तिच्याकडून ती स्कॅन करायला नेलीस. आणि पहिल्या पगारातून तिला रंग आणणारा तूच होतास.

नमुना छापून मी आईकडे गेले. वाटलं, भडकेल. तिने खिडकीशी धरून हिरवा रंग मूळ चित्राशी ताडून पाहिला, जरा पिवळट आलाय म्हणाली. मग त्या जागेवर बोट ठेवलं. तिने ओळखलं होतं.

"त्याला कुठे कुणी विचारत नाही गं. लागू दे त्याचं नाव. ती शेपटी तेवढी नीट पुस, लोक हसतील त्याला."

मी पुसली. चाळीस वेळा. इतकी सफाईने, की आता मलाही सापडत नाही. तुझ्याइतकीच माझीही शिसारी आली.

तुला यातलं काही कळवू नको, असं तिने बजावलंय. मला ते पेलत नाही, म्हणून हे पत्र. मूळ चित्रं मी नव्याने स्कॅन केलीत, तिच्या सहीसकट. गुरुवारी छपाई सुरू होईल. त्याआधी येऊन तिच्यासमोर खरं बोललास, तर ती छापीन. नाहीतर तिच्या शब्दाखातर तुझीच छापीन, पण पहिली प्रत तिच्या हातात तू ठेवायचीस. मी नाही.

अजून तरी तुझीच,
धाकटी