दुधीला न बसलेलं जाकीट

११ नोव्हेंबर, मंगळवार

आणली! क्रोशाची सुई आणि पिवळी लोकर. वाशीला जाऊन, गुपचूप. आमच्या ह्यांना, विलासना, सांगितलं, गुडघ्याचं तेल आणायला जातेय.

गुपचूप अशासाठी की आमच्या विहीणबाई — सुनेची, नमिताची आई, भागीरथीबाई. घणसोली गावातलं जुनं घर, वर दोन मजले भाडेकरू, सगळे त्यांना घाबरून. मीही! डोहाळजेवणात सगळ्यांसमोर बजावलं, "बाल यायच्या आदी काय इकत आनायचा नाय, काय इनायचा नाय. जल्मल्यावर जुन्या लुगड्याचा झबला. बस." आणि केयूर, माझा पोटचा मुलगा, म्हणतो, "आई, त्या बोलल्या ना? मग झालं."

काय झालं? बाळंतपण तिकडे, अंघोळ तिकडे, शेकशेगडी तिकडे. मी आपली डबा घेऊन जाणारी पाहुणी! बाळाच्या अंगावर पहिलं काहीतरी माझ्या हातचं हवं. हवंच. आणि जन्मेपर्यंत थांबले तर माझ्याच्यानं ते पहिलीत जाईपर्यंत विणून व्हायचं नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

साखळी जमली. त्यावर खांब, म्हणजे उभे टाके, घालायला गेले तर सुईच आत शिरेना. मोबाइलवरच्या विणकामाच्या व्हिडिओतली बाई गोड हसून म्हणते, "ताई, हात सैल ठेवा." कुठून आणू सैल हात? या घरात मी लावलेलं बरणीचं झाकण कुणालाच उघडत नाही. लग्नाआधी केयूर लोणच्यासाठी मला ऑफिसात फोन करायचा.

१७ नोव्हेंबर, सोमवार

उसवलं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

परत उसवलं. बाई अजून हसतेच आहे.

२३ नोव्हेंबर, रविवार

पकडले गेले! तेलाची बाटली कुठेय म्हणून विलासनी कपाट उघडलं आणि लोकरीचा गुंडा पायावर पडला. मला वाटलं आता लेक्चर. तर चष्मा लावून म्हणतात, "ड्रॉइंग कुठाय?"

महापेच्या कंपनीत जन्मभर इन्स्पेक्शन केलंय, रिटायर झाले तरी स्टीलची पट्टी खिशात. पाठ मोजली, बाही मोजली. "वैजू, डावी-उजवीत फरक आहे. मी असतो तर रिजेक्ट मारलं असतं."

"तुम्हीच आहात," म्हटलं. "आणि मारून बघा!"

कुणाला बोलणार नाही, अशी शपथ घातलीय.

३० नोव्हेंबर, रविवार

झालं! पिवळं जाकीट, पांढरी बटणं. इतकी नाचले की गुडघ्याला खरंच तेल लावावं लागलं.

विलास म्हणाले, ट्रायल हवी. एपीएमसीत जाऊन बाळाच्या मापाचा दुधी निवडून आणला. भाजीवाल्यासमोर पट्टी लावून! टेबलावर दुधी निजवला, जाकीट चढवलं. नाही चढलं. ओढलं. अर्ध्यावर अडकलं. दुधी गळा दाबल्यासारखा दिसायला लागला.

"अंडरसाइज," विलास म्हणाले. मग माझं तोंड बघून, "थोडंसंच गं."

थोडंसं कसलं! सगळे टाके माझ्या झाकणांसारखे आवळलेले. रडले. मग दुधीचा हलवा केला.

७ डिसेंबर, रविवार

जाकीट तांदळाच्या डब्यात लपवलं होतं, झाकण गच्च लावून. आणि भागीरथीबाई आल्या, कोळंबी घेऊन, न सांगता! आल्या त्या थेट स्वयंपाकघरात. "भात टाकते, तुमी बसा." मी "अहो, अहो" करेपर्यंत एका झटक्यात डबा उघडला. माझं झाकण! एका झटक्यात!

दोन बोटांत जाकीट धरून उभ्या. "ह्या काय? भावलीचा हाय?"

"हो!" मी म्हटलं. "बाहुलीचंच. शेजारची छोटी मैत्री आहे ना, तिच्या."

विलास पेपराआड. पेपर थरथरत होता. हसत होते, मेले.

बाईंनी जाकीट उलटं केलं, सुलटं केलं, माझ्याकडे पाहिलं, घडी घातली. मग तांदूळ धुवायला घेतले. आणि कोळंबी काय झाली होती!

२२ डिसेंबर, सोमवार

मुलगी झाली. महिनाभर आधीच. एवढीशी! काचेच्या पेटीत ठेवलंय. नमिता बरी आहे. केयूर पेटीपासून हलत नाही.

२३ डिसेंबर, मंगळवार

काचेतून पाहिलं. माझ्या तळहाताएवढी पाठ.

मीच विणलं ना आधी? त्यांनी सांगितलं होतं, नको म्हणून. विलास ओरडले, "वैजू, लोकरीनं कुणी आधी जन्मत नाही." मला कळतं ते. तरी घरी येऊन सुई उचलली आणि कपाटाच्या मागे भिरकावली. दवाखान्यात भागीरथीबाई बाकावर शेजारी बसून होत्या. त्यांच्याकडे बघायची माझी छाती झाली नाही. देवा, पोर जगू दे. मी परत कशाला हात लावणार नाही.

३० डिसेंबर, मंगळवार

सकाळी भागीरथीबाईंचा फोन.

"आज पोरीला पेटीतून काढतान, नमिताच्या कुशीत देतान. डॉक्टर बोलतान, उबेत ठेवा. घरातला सगला कपरा तिला मोटा व्हते. ती भावलीची जाकीट हाय ना? गरम पान्यान धू आनि घेऊन ये गो."

"अहो, पण ते... तुम्ही म्हणाला होतात, आधी विणायचं नाही..."

"मना तवाच समाजला व्हता. तुजी नात हाय, तुजा हात गप र्‍हातंय का? ये लवकर!"

अगं-तुगं केलं मला!

आत त्यांच्या लुगड्याचं झबलं, वर माझं पिवळं जाकीट. बसलं! बसलं काय, सैल झालं! बाहीत बोट जाईल एवढं सैल! विलासनी पट्टी काढली आणि रडायलाच लागले. आणि विहीणबाई बाही दुमडत मला म्हणतात कशा — "वायच घट्ट इनाला पायजे व्हतास!"