दुसऱ्यांदा सांगायचं राहिलं

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥
लातूर, २ ऑगस्ट २००९

चि. शिवकुमार यास अनेक आशीर्वाद.

फोनवर तू 'बराय अप्पा' म्हणतोस आणि ठेवतोस, म्हणून कागद घेतला. तुमचं विमान धावपट्टी सोडून चिखलात गेल्याचं टीव्हीवर सांगितलं, तेव्हा पूजेला बसलो होतो. तुझा फोन येईपर्यंत तळहातावरचं इष्टलिंग खाली ठेवलं नाही. शेजारच्या केवळाबाई म्हणतात, शिवूला गल्लीत सायकल आवरत नव्हती, त्याच्या हाती इमान दिलं कुणी?

कसं झालं ते तू सांगितलं नाहीस. तुझे कॅप्टन सर अनुभवी आहेत, त्यांच्या शब्दाबाहेर जाऊ नकोस. इथे सगळं ठीक. एका माणसाचा कुकर लवकर शिट्टी देत नाही, एवढंच.

तुझ्या पत्राकडे डोळे लावून,
अप्पा

मुंबई, ९ ऑगस्ट २००९

ती. अप्पांना शि. सा. नमस्कार वि. वि.

विमान सर चालवत होते, मी शेजारी होतो. उतरताना वेग फार होता आणि धावपट्टी ओली. अशा वेळी 'परत वर न्या' म्हणणं हे शेजारच्याचं काम. आकडा मला दिसत होता. सरांनाही दिसत असेल असं धरून मी गप्प बसलो. विनीता नावाच्या आमच्या हवाई सुंदरीचा पाय मोडला.

अकरावीत शिकवणीच्या सरांनी फळ्यावर वजाच्या जागी अधिक लिहिलं होतं. दोनशे पोरांनी ते तसंच उतरवून घेतलं. मी घरी येऊन सांगितलं, तर तुम्ही म्हणालात, त्यांना दिसंल तवा दिसंल, तू गप लिही. दोष देत नाही, आठवलं म्हणून लिहिलं.

चोवीस तारखेला चौकशी आहे. सर म्हणतात, तू कागद बघत होतास, आकड्याकडे लक्ष नव्हतं असं सांग, दोघंही सुटू. त्यांच्या निवृत्तीला चार महिने आहेत. वेग यंत्रात नोंदलाय, बोलणंही. मला काय दिसत होतं, ते मात्र कुठल्याच यंत्रात नाही. खरं सांगितलं तर माझं उडणं बंद होईल.

आपला,
शिवकुमार

लातूर, १४ ऑगस्ट २००९

चि. शिवकुमार यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र देव्हाऱ्यात ठेवलंय. सोळा वर्षं न बोललेलं आज लिहितो.

भूकंपाच्या दोन दिवस आधी तुला घेऊन मी उमरीला तुझ्या मामाकडे निघालो होतो. निघताना गावच्या घराच्या मधल्या भिंतीचा दगड सुटून पुढे आलेला दिसला. वर्षभर जमीन गुरगुरत होती. सगळ्यांना अंगणात निजवा, असं थोरल्या अण्णाला म्हणावं, हे मनात आलं. त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि गप्प बसलो. घरात त्याच्यापुढे कुणी बोलत नसे. तुझी आई त्या भिंतीकडेलाच झोपायची. भूकंपाच्या पहाटे ती आणि अण्णा, दोघंही गेली.

तू काय करावंस ते मी सांगत नाही. गप राहा म्हणालो होतो, तेवढा शब्द परत घेतो. महादेव तुझ्या जिभेवर राहो.

तुझा,
अप्पा

मुंबई, २५ ऑगस्ट २००९

ती. अप्पांना शि. सा. नमस्कार वि. वि.

काल चौकशीत विमानातल्या बोलण्याची टेप लावली. त्यात एकदा माझाच आवाज आला, अगदी हळू. 'सर, वेग', एवढंच. सरांनी हूं केलं आणि पुढे माझा शब्द नाही. मी बोललो होतो हे मला आठवतसुद्धा नव्हतं. अधिकाऱ्यांनी विचारलं, मग थांबलास का? मी सांगितलं, आकडा दिसत होता, तरी दुसऱ्यांदा म्हणायचं धाडस झालं नाही. सर खिडकीकडे बघत राहिले.

सहा महिने उड्डाण बंद, मग पुन्हा शिक्षण. एकदा सांगून ऐकलं नाही तर दुसऱ्यांदा मोठ्याने सांगायचं, हा नियम आमच्या पुस्तकात होताच. पाठही होता.

अप्पा, तुमच्या पत्रात एक चूक आहे. तुम्ही गप्प नव्हतात. मी उंबऱ्यावर पिशवी धरून उभा होतो. तुम्ही म्हणालात, अण्णा, भिंत सुटलीय. अण्णाकाका म्हणाले, दीड हात भिंत हाय, तुझ्या डोक्यापेक्षा घट्ट. सगळे हसले, आईसुद्धा. मग तुम्ही गप्प झालात.

एकदा बोलला होतात. तेवढं तरी हिशोबात धरा.

शनिवारी येतो. कुकर दोघांचा लावा.

आपला,
शिवू