नावेचा लाल रंग

कुओपिओ, ९ मे

प्रिय आजोबा,

सरोवरावरचा बर्फ गेला का? इथे बंदरातला गेला. मी बरा आहे, वेळेवर जेवतो, पायमोजे कोरडे आहेत. तुम्ही पहिल्यांदा हेच विचारता, म्हणून आधीच लिहून टाकले.

माणसाला रोजची कामे कशी जमवून द्यायची हे शिकवणाऱ्या आमच्या व्यवसायोपचाराच्या वर्गात सध्या म्हातारपण चालू आहे. शाळा मी अर्धवट सोडलेली, त्यामुळे प्रत्येक पान दोनदा वाचतो. एक मत असे, की वय झाले की माणूस जगातून हळूहळू अंग काढून घेतो आणि त्यातच सुखी राहतो. मला तुम्ही आठवलात. मग पोस्टमनशी फाटकात उभे राहून घातलेला तुमचा वाद आठवला आणि ते मत मी सोडून दिले. दुसरे म्हणते, हातपाय हलवत राहा. तिसरे मला पटले. ताकद कमी झाली, की शहाणा माणूस मोजकीच कामे ठेवतो, ती नीट करतो आणि जिथे शरीर कमी पडते तिथे आडवाट शोधतो.

गेल्या आठवड्यात रीक्काबाईंनी, म्हणजे आमच्या शिक्षिकेने, मला म्हातारा केले. अंगात वजनाचे जाकीट, हातात जाड मोजे, डोळ्यांवर पिवळट चष्मा. वयाबरोबर डोळ्यातले भिंग पिवळे पडते, बोटांची जाण बोथट होते, एकदम उठले की भोवळ येते. ते सगळे अंगावर चढवून बाई म्हणाल्या, "कर आता कॉफी."

"आजोबा, जपून हं! दुधाचा खोका चावत नाही," वर्गातला यालो ओरडला.

खोका फुटला, दूध बाहीत गेले. निळी बरणी कुठली आणि हिरवी कुठली, कळेना. मी घाबरलो. मग न ठरवताच स्टूल ओढले, बसलो, कोपर टेबलाला टेकवले आणि कप अर्धाच भरला. एक थेंब सांडला नाही.

बाईंनी विचारले, "हे कुणी शिकवलं?"

"नावा बांधणाऱ्या एका सुताराने," मी म्हणालो.

आता दुसरी गोष्ट. काल शेजारच्या आयलीआजींचा फोन आला. म्हणाल्या, "तुझे आजोबा चुलीपुढचं स्टूल शेडमध्ये टाकून आले. सॉनाच्या वाफखोलीच्या दाराला धरायला बांधलेला दोर सोडला. आता पायऱ्यांच्या कडांचा लाल रंग खरवडत बसलेत. म्हणतात, गुरुवारी नगरपालिकेची बाई घर बघायला येणार, तिला धडधाकट माणूस दिसला पाहिजे!"

आजोबा, कृपा करून खरवडणे थांबवा.

इथे एक लेम्पीबाई आहेत. रीक्काबाई घर बघायला येणार म्हणून लेम्पीबाईंनी काठी ओव्हनमध्ये लपवली. मग पाहुण्यांसाठी पाव गरम करायला ओव्हन उघडला! रीक्काबाई म्हणाल्या, "भाजली असेल तर वाढा." दोघी हसून हसून खाली बसल्या. आणि मग लेम्पीबाईंनी खरे काय ते सगळे दाखवले. त्या अजून स्वतःच्या घरात आहेत. काठी सापडली म्हणून आहेत.

येणाऱ्या बाईंना तुमची ताकद बघायची नाही. त्यांना बघायचे आहे ते स्टूल, तो दोर, पायऱ्या नीट दिसाव्यात म्हणून नावेच्या उरलेल्या रंगाने रंगवलेल्या त्या कडा. स्टूल नसताना उभ्याने कॉफी केलीत आणि तोल गेला, तर त्या काय लिहितील?

हे इतके का लिहितो, तेही सांगतो. हिवाळ्यात तुम्ही धक्क्यावर घसरलात तेव्हापासून आई काळजीत आहे. तिने इथे तुमच्यासाठी फ्लॅट पाहून ठेवला आहे. लिफ्ट आहे, विजेवरचा सॉना आहे. खिडकीतून वाहनतळ दिसतो. मी तिला म्हणालो, आधी जाणकाराला घर पाहू दे. ती कबूल झाली. बाई 'राहू शकतात' म्हणाल्या, तर आई फ्लॅटचे नाव काढणार नाही.

तुम्ही फोनवर म्हणालात ना, "कुठल्या चहाडखोराने नगरपालिकेला कळवलं? सापडू दे, नावेला डांबर फासतो तसं फासतो!"

मी कळवले.

आधी तुम्हाला विचारायला हवे होते. तुम्ही 'नाही' म्हणाल, याची भीती वाटली. त्याहून जास्त भीती त्या फ्लॅटची वाटली.

गुरुवारी मी येणार नाही, नातवाने मध्ये पडू नये. शनिवारच्या बसने येतो. उरलेला रंग फेकू नका, खरवडलेल्या कडा आपण दोघे रंगवू. मग सॉना तापवा. वरच्या फळीवर पाहुण्याला बसवायची रीत म्हणून तुम्ही दरवेळी मला वर पाठवता आणि स्वतः खाली बसता. तुम्हाला आता तिथे चढवत नाही, हे मला कळते. या वेळी मला पाहुणा समजू नका. खालच्या फळीवर थोडे सरकून बसा.

डांबर फासून घ्यायला तयार असलेला, तुमचा
तारमो