उरलेल्या उन्हाचं पाणी

तीर्थस्वरूप प्रफुल भाऊजींच्या सेवेशी, धनराजचा मूल तालुक्यातून वाकून नमस्कार. ताईले नमस्कार, लेकरांले आशीर्वाद. तुमच्या गुडघ्याचं दुखणं आता कसं काय आहे? ऊर्जानगरात थंडी कमी असंल, तिथी वीज केंद्राची भट्टी बारा महिने पेटलेली असते, असं माय म्हणते (तिले वाटते तुमी जातीनं भट्टीत कोळसा टाकता, मी तिची समजूत काढत नाई, तेवढाच तुमचा मान वाढते). इथी सगळे खुशाल आहेत, धान घरात आला आहे. फोनवरच बोललो असतो, पण फोनवर तुमी 'बरं, बरं' म्हणता आणि मधातच ताई फोन हिसकून घेते, म्हणून कागद घेतला. शुद्ध लिहा, अशी बायकोची, करिष्माची, ताकीद होती. ती बसल्या बसल्या मोडून राह्यलो.

तुमाले ठाऊक आहेच, दिवाळीआधी घरावर सोलर बसवलं. म्हणजे आता आपण दोघंही वीज बनवणारे झालो, तुमी डोंगराएवढा कोळसा जाळून आणि मी काहीच न करता. दुपारी आमच्या घरी वीज लागते कितीक? पंखा बंद, आणि टीव्ही करिष्मा लावू देत नाई. उरलेली सगळी वीज मीटरमधून उलटी तारेत जाते. पण माझं खरं दुखणं ते नाई. दुखणं तुमच्या सासूबाईंचं आहे. स्वयंपाक गॅसवर होते, पण आंघोळीचं पाणी चुलीवरच तापलं पाहिजे, आणि त्यासाठी माय अजूनही रोज सकाळी दोरी घेऊन जंगलात सरपणाले जाते. या हिवाळ्यात गावच्या जुन्या मालगुजारी तलावाच्या पाळीवर वाघाचे पंजे उमटले. वनरक्षक गावात येऊन बजावून गेला. पलीकडच्या गावातल्या बाईचं काय झालं ते तुमी ऐकलंच. मी मायले समजावून पाह्यलं, रागावून पाह्यलं, दोरी लपवून पाह्यली. तिनं जुन्या लुगड्याची दोरी वळली. तेव्हा ठरवलं, उरलेल्या विजेवर पाणी तापवायचं, म्हणजे सरपणाचं कारणच संपलं.

आता कशानं तापवायचं? पहिला उमेदवार रॉड. बादलीत बुडवला की झालं. पण माय पाण्यात बोट घालून तापलं का ते पाह्यते, आणि ती सवय या वयात सुटणार नाई, म्हणून रॉड बाद. दुसरा, भिंतीवरचा लहान गिझर, नळ उघडला की लगेच गरम पाणी. दुकानदारानं एवढी तारीफ केली की मी घेणारच होतो. पण करिष्मानं खोक्यावरचे आकडे वाचले आणि म्हणाली, हा एका दमात जेवढी वीज मागते तेवढी आपल्या छतावर उरतच नाई, आणि माय न्हाते पहाटे, तेव्हा सूर्य कुठी असते? (बारावीले तिचा सायन्स होता, हे मी लग्नात फारसं मनावर घेतलं नव्हतं. आता रोज घेतो.) तिसरा हीट पंप. कूलरसारखी पेटी, हवेतली गरमी ओढून पाण्यात घालते आणि वीज अगदी थोडी खाते. मी तर खुळावलोच होतो, पण त्याले दुरुस्त करणारा माणूस नागपूरले, आणि आमच्या चार बादल्यांसाठी तो म्हणजे ट्रॅक्टर काढून कोथिंबीर आणायले जाणं. शेवटी करिष्मानंच निवडलं: कमी वॅटचा टाकीवाला गिझर, आणि त्याच्या आधी एक लहानशी डब्बी. ही डब्बी पाहण्यासारखी आहे, भाऊजी. घरातून वीज बाहेर जाऊ लागली की तिले समजते, आणि जेवढी उरते तेवढीच ती गिझरले देते. ढग आला की हात आखडते, ऊन पडलं की सोडते. एवढी हिशोबी सून कोणाच्या घरी आली असती तर त्यानं गावभर मिरवली असती (आपल्या घरी आली आहे हे पण लिहा, असं करिष्मा मागून वाचून म्हणून राह्यली).

मग दुपारचं पाणी पहाटेपर्यंत टिकवायचं होतं. न्हाणी अंगणात, रात्री गारठा, सकाळी पाणी कोमट होऊन बसे. इथी मी डोकं लढवलं. टाकीभोवती लाकडी पेटी ठोकली आणि मधात भरायले तूस आणायले राइस मिलमध्ये गेलो. मिलवाला अश्वजित माझा वर्गमित्र. मायच्या कामाले तूस काय नेतो, म्हणून त्यानं प्रेमानं ताज्या कोंड्याचं पोतं माझ्या गाडीवर चढवलं. तूस म्हणजे धानाचं टरफल, त्याले कोणी विचारत नाई. कोंडा निघते तांदूळ पॉलिश करताना, आणि त्यासाठी म्हशी जीव टाकतात. हे मले ठाऊक नव्हतं असं नाई, पण चांगला माल मिळून राह्यला तर नाई काऊन म्हणा? दुसऱ्या दिवशी पाह्यतो तर म्हशीनं दावं तोडून पेटी फोडली होती, अर्धा कोंडा खाल्ला होता, आणि गिझर चाटून चाटून असा चमकवला होता की दुकानातही तो तसा नव्हता. मायनं सगळं शांतपणे पाह्यलं आणि विचारलं, दूध वाढवायचं यंत्र आणलं होतं का?

आता पेटीत तूस आहे, वरून पत्रा मारला आहे, आणि पहाटे नळातून वाफाळतं पाणी येते. पहिल्या दिवशी माय न्हाऊन बाहेर आली, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, धूर नाई म्हणून अंगाले लागत नाई, पण गरम आहे. एवढं कौतुक तिनं तुमचं लग्नातही केलं नव्हतं. मी घडीभर हवेत होतो. ताईले हे सगळं वाचून दाखवा, आणि म्हशीचा मजकूर गाळू नका.

तुमचा साळा,
धनराज

ता. क. वरचं सगळं खरं आहे, पण अपुरं आहे. त्या दिवशी गरम पाण्यानं न्हाऊन, कोरडं लुगडं नेसून मायनं दोरी उचलली आणि जंगलाची वाट धरली. मी आडवा झालो, म्हटलं, आता कशाले? तर म्हणाली, सुकरीले लागते. सुकरीबाई आमच्या मागल्या गल्लीतली. तिचा नवरा चैतू लकव्यानं खाटेवर पडून आहे, त्याचं अंग रोज गरम पाण्यानं पुसावं लागते. स्वयंपाकापुरत्या तुराट्या तिच्या घरी आहेत, पाण्यासाठी मात्र जंगल. माय नाई गेली तर सुकरीबाई एकटी जाईल. एक जण वाकून लाकडं वेचते तेव्हा दुसरी उभी राहून झाडीत पाह्यते, अशी त्यांची रीत आहे. मी आपलं समजून होतो की माय आमच्या आंघोळीसाठी जाते. मले तिचा राग आला आणि ऊरही भरून आला, दोन्ही एकदम.

आणखी ता. क. पत्र खरं याच्यासाठी. दुपारी अजूनही वीज उरते, आणखी एक टाकी तापंल, असं करिष्मा म्हणते. दुसऱ्याच्या घरी तार ओढता येत नाई, पण नळ मागल्या गल्लीच्या बाजूनं काढता येते. तुमच्या क्वार्टरांत बदली झालेले लोक टाकीवाले गिझर विकून जातात, असं ऐकलं. एखादा पाह्या. जुना चालते, गळका नको. कोणासंग पाठवू नका, स्वतः घेऊन या. तोवर रोज सकाळी मी त्यांच्यासंग जाऊन राह्यलो. दोघी लाकडं वेचतात, मले फक्त उभं राहून पाह्यत राहायचं काम दिलं आहे. तिथी मले फार भीती वाटते, भाऊजी. त्या दोघी इतकी वर्षं हे रोज करून घरी यायच्या, आणि मी न्हाणीतून ओरडायचो, पाणी अजून तापलं काऊन नाई म्हणून.