धाकटीची जिरवणारे पाच थोर पुढारी

२ मार्च

ही वही कोणी वाचायची नाही. सुनेला बँकेतून फुकट मिळालेली डायरी आहे, वाया जायला नको म्हणून लिहिते. शाळा माझी चौथीत सुटली. पण मनात धरून ठेवण्यात मी पदवीधर आहे.

काल कॉलनीच्या हॉलमध्ये धाकट्या जावेचा सत्कार झाला. यशस्वी उद्योजिका म्हणे. करते काय, तर सोफ्याची कव्हरं शिवते आणि मोबाइलवरून विकते. त्याला काचेची ट्रॉफी. भाषणात माईक दोन्ही हातांनी घट्ट धरून म्हणाली, सासूबाईंच्या शिलाई मशीनला मोठ्या जाऊबाईंनी मला कधी हात लावू दिला नाही, म्हणूनच मी स्वतःच्या पायावर उभी राहिले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ह्यांनीपण वाजवल्या. घरी आल्यावर फैलावर घेतलं, तर म्हणाले, सगळे वाजवत होते म्हणून.

एवढ्यावर थांबली नाही. बाहेर चपला घालताना सगळ्यांदेखत म्हणते, ताई, ते मशीन आता द्या की मला, तुम्ही काय, पायजम्यात इलॅस्टिक घालता नुसतं. मी दुकानात काचेच्या कपाटात ठेवीन, सासूबाईंची आठवण.

काचेच्या कपाटात! चालतं मशीन!

सूड घेणार. कसा, ते उद्या लिहीन.

३ मार्च

सुचलं नाही. गुडघा ठणकत होता. तोही त्या हॉलच्या पायऱ्यांमुळेच, म्हणजे तिच्यामुळेच.

५ मार्च, दुपार

सुचलं! नात होस्टेलवर असते, तिचं पार्सल इथे आलं. मी उघडलं. आत वीतभर बाहुला, हातपाय हलणारा, परग्रहावरचा कोणी लढवय्या. सून म्हणाली, आई, ह्याला ॲक्शन फिगर म्हणतात, मोठी माणसं जमवतात. पैसे नातीने वर्षापूर्वीच भरले होते. मी म्हटलं, बाहुला झाला नव्हता तेव्हाच? तर हो म्हणे. बनवणारा इंटरनेटवर सांगतो, मी अमुक करणार आहे; लोक आधी पैसे देतात; मग तो करायला बसतो.

आमच्या वेळी ह्याला फसवणूक म्हणायचे. आता क्राउडफंडिंग म्हणतात.

ठरलं तर. परग्रहावरचे कशाला? आपल्याच जमिनीवरचे, इतिहासातले थोर पुढारी करायचे. धाकटीने कव्हरं विकावीत. मी इतिहास विकीन.

६ मार्च

पुढारी निवडले. एक घोड्यावरचा राजा (घोडा नंतर बघू). एक आरमारवाला सेनापती. एक किल्ला लढवणारी राणी. एक कायदे लिहिणारा म्हातारा. आणि एक तो, ज्याने नुसती भाषणं करून राज्य उलथवलं. नावं आठवत नाहीत. नावं सून बघून घालील. माझं काम कलेचं.

८ मार्च

धाकटी आणि भावोजी आले होते. मशीनचा विषय काढलाच तिने. मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, ह्या मशीनवर मी पुढाऱ्यांचे कपडे शिवणार, दोनशे बाहुल्या विकणार, आणि एप्रिल संपेपर्यंत दोनशे गेल्या नाहीत तर मशीन स्वतः उचलून तुझ्या दुकानात आणून ठेवीन.

ह्यांचा चहा बशीतच राहिला. धाकटी म्हणाली, ताई, एवढं जड तुम्हाला उचलवणार नाही, मी टेम्पो पाठवीन.

टेम्पो! जळला मेला टेम्पो.

ती गेल्यावर सुनेने सांगितलं की वेबसाइटचा नियमही तसाच आहे. ठरवलेला आकडा गाठला नाही तर सगळे पैसे लोकांना परत. हे मला आधी माहीत नव्हतं. असतं तरी तेच बोलले असते.

१२ मार्च

पहिलं मुंडकं तयार. भाजली की कडक होते ती माती आणली आहे. मळायला फार चिवट. पण मी एक युक्ती काढली आहे. मळताना धाकटीचा चेहरा डोळ्यांपुढे आणते. माती झटक्यात मऊ पडते.

राजाचं मुंडकं सुनेच्या केकच्या ओव्हनमध्ये भाजलं. नाक असं सरळ उतरलं की बघत राहावं. ह्यांना दाखवलं. हे म्हणाले, अगं, धाकटी कशाला केलीस?

ह्यांचा चष्म्याचा नंबर वाढला आहे. सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेणार.

१५ मार्च

मुंडकं मोडून दुसरं केलं. मिशी लावली. हे म्हणाले, आता मिशीवाली धाकटी.

ह्यांना ह्यापुढे काही दाखवायचं नाही.

१९ मार्च

पाचही झाले. प्रत्येकाचं मुंडकं वेगळं मळलं, एकाची नक्कल दुसऱ्याला नाही. सून बराच वेळ पाहत होती. म्हणाली, आई, पाचही जण एकाच घरातले वाटतात. मी म्हटलं, थोर माणसं सगळी सारखीच असतात. मग म्हणाली, राणीच्या हनुवटीवर तीळ आहे. मी म्हटलं, तो तीळ नाही, लढाईतली जखम आहे. म्हणाली, म्हाताऱ्यालाही आहे. मी म्हटलं, कायदे लिहिताना शाई उडाली. ती ओठ चावत आत गेली. भारावली बिचारी.

२१ मार्च

हात हलायला हवेत, त्याशिवाय ॲक्शन कसली. खांद्यात पायजम्याचं इलॅस्टिक घातलं. हो, पायजम्याचंच! इलॅस्टिक भरल्याचे टोमणे मारतेस काय? बघ आता.

एक अडचण. इलॅस्टिक जरा कडक आहे. हात खाली ओढून सोडला की वर येतो तो थेट स्वतःच्याच गालावर. फाट. पाचही पुढारी स्वतःच्या थोबाडीत मारून घेतात.

का कोण जाणे, बघून फार बरं वाटतं. राणीला सकाळपासून वीस-एक वेळा तरी मारायला लावलं.

२३ मार्च

खालच्या मजल्यावरचे मास्तर, पूर्वी इतिहास शिकवायचे, त्यांना बोलावलं. जाहिरातीत एक विद्वान लागतो. म्हणाले, वहिनी, कायदे लिहिणाऱ्याच्या हातात तलवार नव्हती. मी म्हटलं, पुढाऱ्याच्या हातात काही नसलं की तो भीक मागतोय असं दिसतं. म्हणाले, सेनापती दाढीवाला होता. मी म्हटलं, सकाळीच केली असेल. मग राणी हातात घेऊन म्हणाले, हिला मी कुठेतरी पाहिलं आहे, अलीकडेच, बहुतेक आपल्या हॉलमध्ये.

मास्तरांचाही नंबर वाढला आहे. मास्तर रद्द. विद्वान मीच.

२५ मार्च

सुनेने व्हिडिओ काढला. मी आठ्या न घालता बोलले. नंतर म्हणाली, आई, तीन मिनिटांतली अडीच काकूंवर गेली, पुढाऱ्यांचं राहूनच गेलं. मी म्हटलं, कापून टाक. तिने कापलं. उरलं ते एवढंच, की नमस्कार, आणि शेवटी, बघून घेईन. छान आटोपशीर झाला आहे.

१ एप्रिल

वेबसाइटवर आमचं पान सुरू झालं, व्हिडिओत शेवटी सुनेने पाचही पुढारी हात हलवताना जोडले आहेत. वर एक पट्टी आहे, बाहुली मागवली गेली की हिरवी होत जाते. सुनेने एक घेतली. मुलाने एक घेतली. हे म्हणाले, मला कशाला, घरात पाच आहेत. संध्याकाळपर्यंत ह्यांनी एक घेतली.

ह्या वेगाने दोनशे म्हणजे काहीच नाही.

९ एप्रिल

पट्टी अजून रेघेएवढीच. कारण उघड आहे, महिन्याची सुरुवात, लोकांचे हप्ते जातात.

१४ एप्रिल

आता कारण म्हणजे महिन्याचा मध्य. लोकांचे पैसे संपलेले.

नातेवाइकांना एकेकाला फोन केले. मावसबहीण म्हणाली, बघते. चुलतदीर म्हणाला, बघतो. सगळं घराणं नुसतं बघतं. मीही बघीन. मावसबहिणीचं गुडघ्याचं ऑपरेशन व्हायचं आहे. भेटायला जाईन, पाच मिनिटं बसेन, आणि कोणाकोणाची ऑपरेशनं बिघडली तेवढं सांगून येईन.

१८ एप्रिल

एक बाहुली अनोळखी माणसाकडे गेली! कोणी परदेशातला आहे. त्याने सुनेला विचारलं, हे विनोदी बाहुले आहेत ना, स्वतःलाच मारणारे? मी सांगितलं, कळव त्याला, हे थोर पुढारी आहेत, आत्मपरीक्षण करतात. सुनेने काय लिहिलं कोण जाणे, त्याने आणखी दोन मागवल्या.

२२ एप्रिल

धाकटीचा फोन. ताई, टेम्पो कुठल्या दिवशी पाठवू? मी फोन आपटला. हल्लीचे फोन आपटता येत नाहीत. स्वतःच्याच मांडीवर आपटला, लागलं.

मशीनला तेल घातलं. सासूबाई गेल्या तेव्हा धाकटीने बांगड्या घेतल्या, मी हे घेतलं. बांगड्या तिने मोडल्या. हे माझ्याकडे अजून टकटक चालतं. देणार नाही. काचेच्या कपाटात तर नाहीच.

२६ एप्रिल

चाळीससुद्धा नाहीत. सून म्हणाली, आई, काकूंशी एकदा बोलून बघा, शब्द मागे घेता येतो. मी म्हटलं, सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही. म्हणाली, तोच तर त्रास आहे. ही मुलगी कधीकधी फार बोलते.

मशीनला चादर गुंडाळली. नुसती धूळ बसू नये म्हणून.

२९ एप्रिल, सकाळी

जिंकले! जिंकले! जिंकले!

सून बँकेत जाता जाता चपला घालूनच आत आली. एका रात्रीत एकाच गिऱ्हाइकाने एकशे सत्तर बाहुल्या मागवल्या! सगळ्या राण्या. पट्टी काठोकाठ हिरवी, वर सांडते आहे. नाव दिलेलं नाही, नुसतं 'एक चाहती'. सुनेने पत्ता बघायला घेतला, मी म्हटलं, राहू दे, पत्ता कळला की चव जाते. माझ्या मते राणीच्या वंशातली कोणी असणार. रक्ताने रक्त ओळखलं.

चादर काढली.

धाकटीला फोन करून उद्या बोलावलं आहे. भावोजींनाही. मास्तरांनाही. हे मध्ये बसतील. पट्टी टीव्हीवर मोठी करून दाखवायची. मग मी मशीनवर हात ठेवून म्हणेन, आता टेम्पो पाठव आणि त्यात बसून तूच परत जा. आरशासमोर म्हणून पाहिलं. फार चांगलं वाटतं.

३० एप्रिल

धाकटी आली. मी तोंड उघडायच्या आत गळ्यात पडली. रडत होती. खरंखुरं, नाकातून पाणी येईपर्यंत.

म्हणाली, ताई, मला कळलंच नाही हो. इतकी वर्षं मला वाटायचं तुम्ही माझा राग करता. व्हिडिओ बघितला आणि हातातली कात्री गळाली. राणीला माझा चेहरा दिलात! नाक, कपाळ, अगदी हनुवटीवरचा तीळसुद्धा विसरला नाहीत. माझ्या आईलासुद्धा तो तीळ धड आठवत नाही. एवढं मनात धरून ठेवलंत मला!

एकशे सत्तर तिनेच मागवल्या आहेत. तिच्या प्रत्येक मोठ्या गिऱ्हाइकाला सोफ्याच्या कव्हरांबरोबर एक राणी भेट.

मी सांगणार होते की ती तू नाहीस. पण टेबलावर पाच जण एका रांगेत उभे होते. पहिल्यांदाच नीट पाहिलं. राजा, सेनापती, राणी, म्हातारा, भाषणवाला. पाच टोप्या. आणि पाचही टोप्यांखाली ती.

नाही म्हणावं तर हा चेहरा आला कुठून, ते सांगावं लागेल. हो म्हणावं तर गेलंच सगळं. बरं, ऑर्डर मोडावी तर दोनशे होत नाहीत, आणि मशीन जातं.

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, हं.

हे म्हणाले, मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. मास्तर म्हणाले, मीही. मग सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ह्यांनी सगळ्यांत आधी.

धाकटीने जाताना राणीचा हात ओढून सोडला. फाट. म्हणाली, किती गोड, सलाम करते! फक्त इलॅस्टिक जरा सैल करा ताई, हात कपाळापाशी थांबला पाहिजे. तुमचा हात बसलाय ना इलॅस्टिकवर.

१२ मे

मशीन माझ्याकडेच राहिलं. कबूल केलं होतं तसं. ही जीत आहे, हे लिहून ठेवते.

त्यावर सकाळ-संध्याकाळ तिचेच झगे शिवते आहे. कापड तिनेच पाठवलं, सोफ्याचं उरलेलं, फुलाफुलांचं. पहिली राणी तिने दुकानात काचेच्या कपाटात ठेवली, ट्रॉफीच्या शेजारी. माती मळताना आता तिचा चेहरा डोळ्यांपुढे आणावा लागत नाही. समोरच असतो, ताटभर.

इलॅस्टिक सैल केलं. पण डब्यात भरायच्या आधी तपासायला एक कडक इलॅस्टिकवाली ठेवली आहे. तिला दिवसातून दोनदा तपासते.

१९ मे

हार मानलेली नाही. सूड बारीक काम आहे. आज ठरवून राणीचा तीळ चांगला मसुराएवढा काढला, काळाकुट्ट. म्हटलं, जाऊ दे एकशे सत्तर घरांत.

संध्याकाळी धाकटी डबे घ्यायला आली. तीळ पाहिला. बोट लावून पाहिलं. आपल्या हनुवटीला हात लावून पाहिलं.

म्हणाली, आता कसा हुबेहूब झाला, ताई. सगळ्यांना असाच काढा.

काढते आहे.