बाळंतिणीचा अर्क

बाबा,

तुमच्यावर मी अजून रागावलेली आहे. तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं होत आली, माझे केस पिकून विरळसुद्धा झाले, तरी राग आहे तिथेच आहे. काल नातीने एक बाटली माझ्यापुढे धरली. तिला पाचवा महिना लागलाय. कुणीतरी ताकदीसाठी म्हणून तिला झाडपाल्याचा अर्क दिला होता आणि डॉक्टरीणबाईंनी बाटलीवरचं वाचून तो तिथल्या तिथे बंद केला. "आजी, यात अल्कोहोल आहे म्हणे. गरोदरपणात थेंबभरही नको म्हणाल्या." मी बूच काढून वास घेतला आणि पोरीसमोर रडायला लागले. ती बिचारी घाबरली. तिला काय सांगणार, कप्पाळ!

तुम्ही वैद्य, आणि तुमचा बाळंतिणीचा अर्क मालवणपर्यंत माहीत होता. शतावरी, अनंतमूळ आणि आणखी तीन मुळं, ज्यांची नावं तुम्ही मलासुद्धा कधी सांगितली नाहीत. ती ठेचून काजूच्या पहिल्या धारेच्या दारूत घालायची, बरणीचं तोंड फडक्याने बांधायचं आणि एकवीस दिवस ती भाताच्या राशीत पुरून ठेवायची. दिवस दारूबंदीचे. दारू घरात यायची ती खोबरेल तेलाच्या डब्यातून, आणि फौजदार दारात आला की तुमचं वाक्य ठरलेलं, "ह्या औषद आसा, दारू न्हय." त्याची बायकोही बाळंतपणात तोच अर्क घेऊन उठली होती, त्यामुळे तो मुकाट चहा पिऊन जायचा. पण घेणाऱ्या सगळ्या बाळंतिणी. मूल झाल्यावर दहाव्या दिवसापासून, सकाळी एक शिंपलाभर. पोटुशीला तुम्ही तो कधी दिला नव्हता, तुमच्या वडिलांनीही दिला नव्हता. पहिली पोटुशी तुम्हाला मिळाली ती मी.

सातव्या महिन्यात मी विजयदुर्गाहून माहेरी आले. आई नव्हती, तेव्हा माझं सगळं तुम्हीच केलंत, ते मी नाकारत नाही. उकड्या तांदळाची पेज घेऊन माझ्यामागे खळ्यात फिरायचात. पण पोटात काही टिकत नव्हतं, डोळ्याला डोळा लागत नव्हता, हातापायांच्या नुसत्या काड्या झालेल्या. एका सकाळी तुम्ही बरणी काढता. "पी गो चेडवा. बाळंतिणीक चलता, मगे तुका कित्याक चलाचा नाय?" मी पिते. जीभ भाजते, मग छाती, मग हळूहळू अंग सैल होतं आणि कितीतरी दिवसांनी मी गाढ झोपते. आठवड्याने सरकारी दवाखान्यातली नर्स फेरीला आली. तिने माझ्या तोंडाचा वास बरोबर ओळखला. "वैद्यबुवा, पोटुशीला दारूतलं औषध देऊ नका हो. आईच्या पोटात जाईल ते बाळापर्यंत जाणार." तिला तुम्ही बसा म्हणालात? छे! "काल इलंस आणि माका शिकवतंस?" म्हणून ओटीवरूनच वाटेला लावलंत, आणि रोज सकाळी मला अर्क देत राहिलात. मला त्या बाईचं पटलं होतं. पण तुमच्यासमोर तोंड उघडायची माझी टाप नव्हती.

आठव्या महिन्यात कळा आल्या. मुलगी झाली, एवढीशी. तासभर धापा टाकत होती, मग थांबली. तिसऱ्या दिवशी सासूबाई आल्या आणि दारातूनच विचारलं, "कित्यान झाला ह्या?" मी तुमच्याकडे बघत होते. तुम्ही जमिनीकडे बघत होतात. मग मान वर न करता मला म्हणालात, "तू पोपयो खाल्लस ना गो?" खाल्ला होता. पिकल्या पपईच्या दोन फोडी, शेजारणीने हातावर ठेवलेल्या. सासूबाईंना तेवढं पुरलं. "वैद्याचा चेडू आनि पोपयो खाता!" तिथून पुढे त्या घरात मी पपई खाऊन पोर घालवलेली सून. कुणाच्या डोहाळजेवणाला मला पुढे होऊ दिलं नाही. तुम्ही खापर माझ्या डोक्यावर फोडलंत आणि ओटीवर जाऊन पान लावत बसलात. वा रे बाप!

तुम्हाला कळलं नसतं तर मी माफ केलं असतं. पण सासूबाई माघारी गेल्या त्याच संध्याकाळी तुम्ही ती बरणी माडाच्या आळ्यात ओतलीत. त्यानंतर अर्काला बायका येत राहिल्या आणि प्रत्येकीला तुम्ही "मुळां गावनत नाय" म्हणून परत पाठवलंत. मुळं परसातच होती, बाबा. मला तुमच्या तोंडून एकच वाक्य हवं होतं, "चूक माझी झाली, तुझी नाही." चार माणसांत नको, मला एकटीला सांगायचं. पुढे मला दोन मुलगे झाले, तुम्ही बारशांना आलात, बाळांना मांडीवर घेतलंत, ते वाक्य काही आलं नाही. शेवटच्या आजारात पंधरा दिवस मी उशाशी होते. दर वेळी तुम्ही तोंड उघडलंत की मी वाकायचे, आणि तुम्ही पाणी मागायचात.

काल डॉक्टरीणबाईंना मी फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या, अर्काने झालं की आणखी कशाने, ते आता कुणालाच सांगता यायचं नाही.

हे पत्र कुठे जाणार नाही, म्हणून लिहिते. दुपारी तुम्ही रोगी बघायला बाहेर पडलात की मी बरणी काढून माझ्या हाताने आणखी घ्यायचे. कधी दोनदा. नर्स सांगून गेली, त्यानंतरही. झोप हवी असायची, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायला लागलं होतं. ओतायच्या आधी तुम्ही बरणी उचलून उजेडात धरलीत, ती केवढी रिकामी झालीय ते बघितलंत आणि मग खिडकीकडे बघितलंत. खिडकीत मी होते. तुम्ही काही विचारलं नाहीत. विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं, असं आजवर स्वतःला समजावत आले. नसतं सांगितलं.